पावसाळ्यात फायर अलार्म पॅनेलवर झोन फॉल्ट आणि अर्थ फॉल्ट येत असल्यास बिघाड कसा शोधावा?

आपल्या प्रश्नानुसार, मनीषनगरमधील आपल्या सात मजली इमारतीच्या पॅनेलवर पहिल्या पावसापासून झोन 3 चा, म्हणजे पार्किंग आणि पहिल्या मजल्याचा, पिवळा दिवा लागलेला आहे, मधूनमधून अर्थ फॉल्टही दिसतो, आणि देखभालीसाठी आलेला तंत्रज्ञ ‘पावसाळ्यात असे होतेच’ म्हणत बझर बंद करून गेला. नागपुरात मी बरीच वर्षे अशा पॅनेलांच्या दुरुस्तीचे काम करत आहे, आणि त्या तंत्रज्ञाचे वाक्य अर्धे खरे आहे एवढेच म्हणता येईल. पावसाळ्यात असे होते, परंतु बझर बंद केल्याने फक्त आवाज थांबतो. झोनमधील काही भागावर पॅनेलचे लक्ष नाही ही स्थिती तशीच राहते.

आपले पॅनेल साध्या प्रकारचे, म्हणजे झोननिहाय दिवे असलेले आहे, असे वर्णनावरून दिसते. अशा पॅनेलमधून प्रत्येक झोनच्या दोन तारांमध्ये साधारण 24 व्होल्टचा पुरवठा जातो आणि शेवटच्या डिटेक्टरपाशी बसवलेल्या रेझिस्टरमधून अगदी अल्प विद्युतप्रवाह सतत परत येत असतो. हा प्रवाह थांबला तर तार कुठेतरी तुटली किंवा सुटली, आणि फारच वाढला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या, असे पॅनेल समजते. यालाच झोन फॉल्ट म्हणतात. तार किंवा तारेचा जोड ओल्या भिंतीला, लोखंडी पाइपाला वा पाणी साचलेल्या जंक्शन बॉक्सला लागला की अर्थ फॉल्ट येतो. आपल्याकडे दोन्ही एकाच सुमारास सुरू झाले, त्यामुळे माझा पहिला संशय पार्किंगमधील एखाद्या जंक्शन बॉक्सवर किंवा भिंतीवरील काच फोडण्याच्या बॉक्सवर आहे.

काम सुरू करण्यापूर्वी सुरक्षारक्षकांना आणि रहिवाशांना कळवावे, आणि पॅनेलला लिफ्ट किंवा पंप जोडलेला असल्यास ती जोडणी तात्पुरती वेगळी करावी. पॅनेलच्या आत 230 व्होल्टचा पुरवठा असतो, म्हणून झाकण जाणकारानेच उघडावे. मात्र काम सुरू असताना आपण शेजारी उभे राहावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

सर्वप्रथम झोन 3 च्या दोन्ही तारा पॅनेलमधून काढून त्या जागी योग्य मूल्याचा रेझिस्टर थेट टर्मिनलवर लावावा. हे मूल्य पॅनेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक पॅनेलांत ते 4.7 किलोओहम असते आणि त्या रेझिस्टरवर पिवळा, जांभळा व लाल असे पट्टे असतात. काही पॅनेलांत रेझिस्टरऐवजी कपॅसिटर असतो, त्यामुळे अंदाजाने काहीही लावू नये. दिवा विझला तर पॅनेल ठीक आहे आणि दोष तारांमध्ये आहे. विझला नाही तर पॅनेलचे कार्ड तपासावे लागेल.

त्यानंतर काढलेल्या तारांवर मल्टिमीटर लावावा. आकडा रेझिस्टरच्या मूल्याजवळ आला तर जोडणी सलग आहे, अनंत आला तर तार तुटलेली आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे, आणि आकडा मूल्यापेक्षा बराच कमी असून सारखा हलत असेल तर बहुधा कुठेतरी पाणी आहे. पुढे प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यामधील मापही घ्यावे. तिथे ठळक जोड दिसला तर अर्थ फॉल्ट याच झोनचा आहे. डिटेक्टर जोडलेले असताना मेगर, म्हणजे उच्च व्होल्टेज देऊन तारांचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र, मात्र कधीही लावू नये, कारण त्या व्होल्टेजने आतील इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

नेमकी जागा शोधण्यासाठी पहिल्या डिटेक्टरपासून एकेक उघडत जाण्याची गरज नाही. तारा पॅनेलला पुन्हा जोडून झोनच्या मध्यावरील डिटेक्टरच्या बेसमधून पुढे जाणारी तार सोडवावी आणि तिथे रेझिस्टर लावावा. पॅनेल शांत झाले तर दोष पुढच्या अर्ध्या भागात, नाही तर मागच्या. सोळा डिटेक्टरांच्या झोनमध्ये अशा चार खेपांत दोषाची जागा सापडते. ही तपासणी पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच करावी, कारण दुपारच्या उन्हाने बॉक्स सुकला की दोष लपतो. एका इमारतीत मी तीन दुपारी व्यर्थ घालवल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा गच्चीवरील हूटरच्या (आगीच्या भोंग्याच्या) पाइपातून पाणी तारेवरून थेट खाली उतरताना दिसले. अशा ठिकाणी पाइपाचे तोंड खाली वळवून बॉक्सला चांगले सील करावे.

झाकण उघडलेच आहे तर बॅटऱ्याही पाहून घ्याव्यात. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि चार्जर सुरू असताना दोन्हींवर मिळून साधारण 27 व्होल्ट दिसावेत. वीजपुरवठा बंद करून हूटर वाजवल्यावर व्होल्टेज झपाट्याने उतरले तर दोन्ही एकदमच बदलाव्यात. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवलेल्या बॅटऱ्या लवकर खराब होतात.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सांगतो. तपासणीसाठी पॅनेलच्या टर्मिनलवर लावलेला रेझिस्टर तसाच ठेवून देणारे लोक आहेत. पिवळा दिवा विझतो, समिती समाधानी होते, पण तारा काढलेल्या असतील तर त्या झोनमधील एकाही डिटेक्टरची सूचना पॅनेलपर्यंत पोहोचत नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घेतलेला फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, द्यावा लागतो. अशा झोनवर तो भरला गेला तर त्या कागदाच्या भरवशावर माणसे झोपलेली असतात. म्हणून दुरुस्ती संपल्याचे सांगितल्यावर झोन 3 मधील अगदी शेवटच्या डिटेक्टरपाशी जाऊन तेथील रेझिस्टर आपल्यासमोर सोडवायला सांगावा. पॅनेलवर लगेच फॉल्ट आला पाहिजे. तो जोडून त्याच डिटेक्टरला चाचणीचा धूर द्यावा, पार्किंगमध्ये उष्णतेचा डिटेक्टर असल्यास गरम हवा द्यावी, आणि हूटर वाजल्यावरच नोंदवहीत सही करावी.