एफडीचे चार लाख: छतावर सोलर की एनर्जी फंड?

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंची ४ लाखांची एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय. आखातात तणाव वाढला की तेल महागणार, तेव्हा सगळे पैसे एनर्जी फंडात (तेल-ऊर्जा कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाक, असं मुलगा म्हणतो. त्यांच्या मनात छतावर सोलर आहे. वीजबिल सरासरी २,००० रुपये.

ताई, सोलर बसवा, पण चारही लाख खर्चू नका.

मुलाचं गणित अर्धंच बरोबर आहे. तेल चढलं की ते जमिनीतून काढणाऱ्या ओएनजीसीला फायदा होतो, पण पंपावरचे दर रोखून धरले की पेट्रोल-डिझेल विकणाऱ्या एचपीसीएल-बीपीसीएलला फटका बसतो. अशा फंडात सहसा दोन्हीकडचे शेअर असतात. मार्च २०२२मध्ये ब्रेंट कच्चं तेल पिंपाला १२० डॉलरच्या वर गेलं, जुलैत सरकारने तेल कंपन्यांच्या अचानक वाढलेल्या नफ्यावर विंडफॉल कर लावला आणि वर्षअखेर भाव ८५च्या आसपास उतरला. बातमी वाचून शिरणारा बहुतेकदा चढ्या भावात अडकतो. आयात इंधनाचा भरवसा किती, ते तुमच्याच तालुक्याने अंजनवेलला पाहिलंय: नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावरचा, डॉलरशी दर बांधलेला एन्रॉनचा वीजप्रकल्प २००१मध्ये बंद पडला.

३ किलोवॉटला साधारण २ लाख धरा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० अनुदान नंतर खात्यात येतं, म्हणून आधी पूर्ण रक्कम हाताशी हवी. महिन्याला १,५०० वाचले तरी सातेक वर्षांत पैसे वसूल. मुद्दल मात्र एफडीसारखं परत मिळत नाही, आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल. पावसाळ्यात वीज कमी बनते. एप्रिल-मेची शिल्लक युनिट नेट मीटरिंगमध्ये (जादा वीज लाइनला देऊन नंतर बिलातून वळती करण्याची सोय) तेव्हा कामी येतात.

आखाताची खरी झळ बसते ती सिलिंडरला. देशाचा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, त्यातला बराचसा आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. म्हणून एक इंडक्शन शेगडी घ्याच.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. लाइन गेली की साधं, बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे लक्षात ठेवा. दिवे-पंख्यापुरता बॅटरीचा छोटा इन्व्हर्टर वेगळा घ्या.

उरलेले पैसे पुन्हा एफडीत ठेवा, निदान सहा महिन्यांचा घरखर्च तरी. मुलाला फंड हवाच असेल तर त्याने त्याच्या पगारातून घ्यावा.

सोलर पॅनेलचा सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेला) हवा, नुसता रंगवलेला खाऱ्या हवेत गंजतो. तो किती वेगाचा वारा सोसेल, हे कोटेशनवर लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.