सोयाबीनचं दूध, की सोयाबीनचा चीक?

कोल्हापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा बचत गट सोयाबीनचं दूध करून बाटल्यांत भरून विकणार आहे. पाटी रंगवायला दिली तेव्हा पेंटरनं विचारलं, ‘सोया दूध’ लिहू, ‘सोयादूध’ लिहू की ‘सोया मिल्क’? शेजारी एक म्हैसवाले मामा उभे होते. ते म्हणाले, “ज्याला कास न्हाई, सड न्हाई, त्येचं दूध कसलं? त्याला चीक म्हणा.” मामांचं बरोबर आहे का, आणि गाळून उरतं त्याला चोथा म्हणायचं की पेंड, असं ताई विचारतात.

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागनं सांगतो. बोलताना ‘सोयाबीनचं दूध’ खुशाल म्हणा, ते चोख मराठी आहे. बाटलीच्या लेबलावर मात्र ‘दूध’ हा शब्द घालू नका. आणि चीक कुठंच म्हणू नका.

कासेपासून सुरुवात करू. ‘दूध’ हा शब्द संस्कृत ‘दुग्ध’वरून, प्राकृतातल्या ‘दुद्ध’वाटे आपल्याकडं आला. मुळातला धातू ‘दुह्’, म्हणजे पिळून बाहेर काढणं. दुभती म्हैस, दुभतं जनावर, दोहन हे सगळे त्याच घरचे. दुग्ध म्हणजे ‘दोहून काढलेलं’. शब्दाच्या पोटात क्रिया आहे, जनावर नाही. पुराणात पृथू राजा पृथ्वीचंच दोहन करतो आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

मराठीनं तर हा शब्द झाडापिकांना कधीच देऊन टाकलाय. नारळाचं दूध आहे. जोंधळ्याच्या, मक्याच्या कणसाला नख लावून शेतकरी म्हणतो, “दाण्यात दूध भरलंय.” यातला कुणी कणसाची कास शोधत नाही. बोलण्यातलं क्रियापदही बघा : नारळाचं दूध ‘काढतात’, धारेला बसल्यावर म्हशीचंही दूध ‘काढतात’. अट एकच. कशाचं ते सांगावं लागतं. नुसतं ‘दूध’ म्हटलं की जनावराचं, आणि आपल्या कोल्हापुरात तर म्हशीचंच. झाडाचं असेल तर षष्ठी लावायची : नारळाचं, शेंगदाण्याचं, सोयाबीनचं. एवढा एक प्रत्यय लावला की मामांच्या म्हशीचा मान राहतो आणि तुमच्या मालाचं नावही चुकत नाही.

आता चीक. मामांनी हा शब्द उगाच काढलेला नाही. संस्कृतात ‘क्षीर’ दोन्हीकडं चालतं : गाईचं दूध क्षीर, आणि वड, उंबर, पिंपळ यांचा पांढरा स्रावही क्षीर, म्हणून ते क्षीरवृक्ष. मराठीनं इथं वाटणी केली. गाईम्हशीचं ते दूध, वडाचा, रुईचा, पपईचा तो चीक. पण चीक एवढ्यावर थांबत नाही. व्यालेल्या म्हशीचं पहिलं दाट पिवळसर दूध, ज्याचा खरवस होतो, तोही चीक. आणि कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, पिळून, गाळून जे पांढरं निघतं, तोही चीक.

हा गव्हाचा चीक इथं आडवा येतो, कारण त्याची कृती आणि सोयाबीनच्या दुधाची कृती जवळजवळ सारखी. भिजवा, वाटा, पिळा, गाळा. कृतीकडं बघितलं तर मामांचीच बाजू वरचढ दिसते. म्हणून परवा मी घरी करूनच बघितलं.

वाटीभर सोयाबीन (सव्वाशे ग्रॅमच्या आसपास) रात्रभर भिजवलं. सकाळी दाणे दुपटीनं फुगले होते. हातानं चोळून सालं काढली, ती पाण्यावर तरंगली तशी ओतून टाकली. गार पाण्यात वाटलं असतं तर हिरवट, उग्र वास आला असता. दाणा फुटून त्याला पाणी आणि हवा लागली की त्यातलं लायपॉक्सिजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तो वास तयार करतं. म्हणून उकळतं पाणी घालून वाटलं, म्हणजे ते विकर तिथल्या तिथं निकामी होतं. एकूण लिटरभर पाणी लागलं. पंचात घालून पिळलं, तर बोटांच्या फटींतून पांढऱ्या धारा खालच्या पातेल्यात पडायला लागल्या. खरं सांगतो, त्या क्षणी ‘दुह्’ धातू कोशातून उठून माझ्या मुठीत आला.

मग तापवायला ठेवलं. तापायला लागतं न लागतं तोच फेस भराभर वर आला. ही फसवी उकळी, कारण सोयाबीनमधल्या सॅपोनिन या साबणासारख्या घटकामुळं फेस आधीच चढतो. तिथं गॅस बंद केलात तर दूध कच्चं राहतं. आच कमी करून, ढवळत, पुढं पंधरा मिनिटं उकळू द्यायचं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आपण म्हशीच्या धारेचं फेसाळ दूध उभ्याउभ्या, निरसंच पितो. सोयाबीनचं निरसं पिऊ नये. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात. ते नीट उकळल्यावरच बहुतेक मोडतात, नाहीतर पोट बिघडतं. ‘निरसं’ आणि ‘धारोष्ण’ ही दोन विशेषणं त्यामुळं सोयाबीनच्या वाट्याला कधी येणार नाहीत.

पंधरा मिनिटं उकळूनही ते पातळच राहिलं, आणि चीक म्हणायचं की दूध, याचा निकाल मला तिथं लागला. गव्हाचा चीक चुलीवर ठेवला की बघता बघता आळतो, लापशीसारखा घट्ट होतो, कारण तो सगळा स्टार्च. म्हशीचा चीक उष्णतेनं थिजतो आणि सुरीनं वड्या पाडाव्यात असा खरवस होतो. रुईचा चीक बोटाला लागला तर चिकटून बसतो. तिन्ही चिकांत ही एकच खोड आहे : घट्ट होणं, धरून बसणं. ‘चिकट’ हा शब्द जवळचा वाटतो तो त्यामुळंच. सोयाबीनमध्ये स्टार्च जवळजवळ नसतोच. असतात ती प्रथिनं आणि तेल. म्हणून ते उकळून आळत नाही, ओततं राहतं, उतू जातं. गार होताना त्यावर साय धरते. जपानी लोक ती साय उचलून वाळवतात आणि तिला युबा म्हणतात. लिंबू पिळलं की ते नासतं, चोथापाणी होतं, आणि दाबून ठेवलं तर टोफू तयार होतो, जसं नासलेल्या दुधाचं पनीर. विरजण लावलं तर दह्यासारखं लागतं.

म्हणजे मराठीत दुधाबरोबर येणारी क्रियापदं एकेक करून लावून बघा : उतू जाणं, साय येणं, नासणं, विरजणं, सगळी लागू पडतात. पान्हा फुटत नाही हे उघड आहे, आणि घुसळून लोणीही येत नाही. तरी चार क्रियापदं जमली आणि चिकाचं एकही जमलं नाही. कृती चिकाची असली तरी वागणूक दुधाची आहे, आणि मराठी माणूस द्रवाला नाव देताना वागणूक बघतो.

दुसऱ्या भाषांतही हीच ओढाताण दिसते. चिनी लोक हजार वर्षं आणि त्याहून अधिक काळ सोयाबीन खात आलेत. त्यांचा जुना शब्द दोउज्यांग, त्यात दूध नाही, ‘कडधान्याचा दाट रस’ असा त्याचा अर्थ. जपानी ‘तोन्यू’मध्ये मात्र दूध आहे. आणि ‘सोया’ हे मुळात दाण्याचं नावच नव्हे. जपानी शोयू, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं सॉस. ते नाव डच व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपात गेलं आणि सॉसवरून दाण्याला चिकटलं. म्हणून मराठीत सुटं ‘सोया’ लिहायला माझी नाखुशी आहे. हिंदीत सोया म्हणजे शेपू! आपल्या शिवारात कुणी सोया पेरत नाही, जूनमध्ये सोयाबीन पेरतात आणि दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढतात. जोडूनच लिहायचं तर ‘सोयादूध’ एका शब्दात. ‘सोया दूध’ असं तोडलेलं रूप म्हणजे ‘सोया मिल्क’मधल्या मिल्कचं नुसतं दूध केलेलं. पण आपण ‘म्हैसदूध’ म्हणत नाही, म्हशीचं दूध म्हणतो. त्याच चालीवर ‘सोयाबीनचं दूध’.

मग लेबलावर का नको? कायद्यानं दूध म्हणजे दुभत्या जनावराच्या कासेतलं. २०२१ साली अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं की वनस्पतींच्या पेयांवर दूध वगैरे शब्द लावून विक्री करू नका. युरोपातही १४ जून २०१७ रोजी तिथल्या न्यायालयानं असाच निकाल दिला. नारळाच्या दुधाला तिथं परंपरेनं सूट आहे, सोयाबीनला नाही. तेव्हा बाटलीवर ‘सोयाबीन पेय’ छापा.

मला यात कायद्यापेक्षा जास्त काळजी एका गोष्टीची वाटते. महाभारतात पोरं अश्वत्थाम्याला पिठाचं पाणी देतात आणि तो दूध प्यायलो म्हणून नाचतो. तुमचं पेय पिठाचं पाणी नव्हे. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाच्या तोडीची, म्हणजे ३ ते ३.५ टक्के भरतात, आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नसल्यानं ज्यांना दूध पचत नाही त्यांची सोय होते. पण म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्के, यात २ च्या आसपास. कॅल्शियम मुद्दाम घातलं नाही तर फारच कमी, आणि बी-१२ जीवनसत्त्व नाहीच. ‘दूध’ वाचून एखाद्या आईनं तान्ह्या बाळाला रोज तेच पाजायला घेतलं तर बाळाचे हाल होतील. म्हणून नावाखाली मराठीत ठळक लिहा : ‘तान्ह्या बाळांसाठी नाही.’

राहिला चोथा. तो चोथाच, पेंड नव्हे. पेंड म्हणजे तेल काढून उरलेलं, आणि सोयाबीनची पेंड जनावरांच्या खाद्यात जाते. तुमच्या चोथ्यात तेल आणि प्रथिनं अजून बरीच आहेत. मी कांदा, मिरची आणि ज्वारीचं पीठ घालून त्याची थालीपीठं लावली, घरात चार मिनिटांत संपली. पाटीवर दुसरी ओळ लिहायला जागा असेल तर ‘सोयाबीनच्या चोथ्याचं थालीपीठ’ असं लिहा. मामांनाही एक खायला द्या.