होंडा एक्सआर 50 मध्ये 125 सीसीचं लिफान इंजिन बसेल का?

तुम्ही विचारलंय की मुलाच्या जुन्या एक्सआर 50 चं, म्हणजे होंडाच्या लहान मुलांच्या मोटरसायकलचं इंजिन गेलंय, तर त्यात लिफान या चिनी कंपनीचं 125 बसेल का. बसतं, आणि फ्रेम कापावी लागत नाही. या छोट्या होंडाचं आडवं इंजिन मागच्या दोन बोल्टवर लटकतं, आणि लिफानने तीच रचना उचलली आहे. फूटपेगची (पाय ठेवायच्या दांड्यांची) पट्टी इंजिनच्या खाली कसलेली असते, ती आधी सोडा.

खरं काम वायरिंगचं. जुना सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) वापरायच्या फंदात पडू नका, नव्या इंजिनसोबतचा सीडीआय आणि स्पार्क प्लगची कॉइल घ्या. हिरवी वायर अर्थिंगची. ती फ्रेमला लावताना तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा. मी रंगावरच बोल्ट आवळला होता आणि स्पार्क का येत नाही म्हणून दोन संध्याकाळी कार्ब्युरेटर उघडत बसलो.

मूळ गाडीला क्लच लिव्हर नसतो. मॅन्युअल क्लचचं इंजिन घेतलंत तर लिव्हर आणि केबल हवीच. चेन जुन्या-नव्या दोन्ही इंजिनांना 420 नंबरचीच, पण पुढचं-मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका रेषेत आहे का ते सरळ पट्टी लावून बघा. ऑइल बाइकचंच टाका, कारचं नको, क्लच घसरतो.

एक मनापासून सांगतो: गाडी सहा-सात वर्षांच्या पोरासाठी असेल तर 125 बसवू नका. ते ड्रम ब्रेक आणि बारीक फोर्क (पुढच्या चाकाचे दांडे) मूळ 49 सीसी इंजिनच्या हिशेबाने बनवलेत. त्याच्यासाठी 50 चंच दुसरं इंजिन शोधा.