सिव्हिल झालं, पाण्यात काम करायचंय. पण एमपीएससी निघाली नाही तर?

सिव्हिल झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी येतात, तेव्हा काळजी बहुतेक एकच असते. पाण्याच्या क्षेत्रात सरकारी नोकरी सोडून काही आहे का, आणि ती मिळेपर्यंतची वर्षं फुकट गेली तर? येवला तालुक्यातल्या एका मुलीच्या बाबतीत या काळजीतून वाट निघाली. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, ते इथे मांडते आहे.

मुलगी नाशिकमधून बी.ई. झालेली, मार्क चांगले. कॅम्पसमध्ये आयटीची ऑफर आली होती, ती तिने सोडली. मग अभ्यासिका लावली, परीक्षा दिली, थोडक्यात राहिली. वडील सोबत आले होते. म्हणाले, "मॅडम, गावातली पोरं पुण्यात बसून बसून तिशीला आली. हिचंही तसंच व्हायचं का? आणि पाटबंधाऱ्यात लागली तरी पोरीला साईटवर धाडायचं कसं?"

मी तिला विचारलं, पाणीच का? "स्कोप आहे ना मॅडम." हे उत्तर कुणीतरी शिकवलेलं असतं, ते लगेच कळतं. म्हणून मी वडिलांकडे वळले. पालखेड कालव्याचं आवर्तन, म्हणजे ठरावीक काळाने सोडलेलं पाणी, तुमच्यापर्यंत पोचतं का? ते एकदम मोकळे झाले. "हेडवाल्यांचं भिजतं. आमच्याकडं येईस्तोवर चारीत नुसता चिखल." तेवढ्यात मुलीने त्यांना तोडलं. "पप्पा, सगळं वरचे घेत नाहीत. मोरीच्या पुढे चारी फुटलीये, तिथूनच जातं." माझ्याच टेबलावरचा कागद ओढून तिने चारी काढली. दारं कुठे, उतार कुठे कमी पडतो, गाळ कुठे साचतो, सगळं बोटाने दाखवत बोलत राहिली. स्कोपबद्दल बोलणारी मुलगी आणि ही मुलगी वेगळी होती.

मी तिला एक काम दिलं. पुढचं आवर्तन सुटलं की शेतचारीचं पाणी दोन ठिकाणी मोजायचं, वरच्या टोकाला आणि टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला. मोठ्या कालव्यात उतरायचं नाही. पद्धत तिला कॉलेजात शिकवलेलीच होती: चारीचा सरळ तुकडा निवडायचा, 10 मीटर अंतर आखायचं, लाकडाचा तुकडा सोडून सेकंद मोजायचे. पृष्ठभागावरचा वेग आतल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तो साधारण 0.85 ने गुणायचा आणि पाण्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाशी गुणून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते, काढायचा. वडिलांनी घड्याळ धरलं, तिने वही. वर मोजलेल्या पाण्यातला जवळपास तिसरा हिस्सा टेलला पोचतच नव्हता. गळती कुठे होते ते नकाशावर दाखवून तिने दोन पानांचं टिपण केलं. उपयोग होवो न होवो, हे टिपण तिचं स्वतःचं होतं.

मग आम्ही वाटा मांडल्या. एमपीएससी आणि जलसंपदाची कनिष्ठ अभियंता भरती आहेच. पण मृद व जलसंधारण, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषद, महापालिकेचा पाणीपुरवठा इथेही सिव्हिलचीच माणसं लागतात. केंद्रीय जल आयोगात जायचं तर यूपीएससीची इंजिनीअरिंग सर्व्हिसेस. गेट ही प्रवेश परीक्षा निघाली तर जलविज्ञान किंवा हायड्रॉलिक्समध्ये एम.टेक. करता येतं. तो स्कोर 3 वर्षं चालतो आणि स्टायपेंडही मिळतो. खासगीत सर्व्हे, पाणीपुरवठ्याच्या योजनांचं डिझाइन, ठिबक, पूररेषा अशी कामं आहेत. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजणाऱ्या नाशिककरांना निळी आणि लाल रेषा वेगळी सांगायला नको. पण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतल्या पुराची लाल रेषा कुणीतरी बसून काढावी लागते. त्यासाठी लागणारी हेक-रास (नदीच्या प्रवाहाचं मॉडेल करणारं) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

साईटच्या भीतीवर मी वडिलांना "आता मुली सगळीकडे जातात" एवढं सांगून गप्प केलं नाही. त्यांची काळजी खरी होती, तिला तपशिलानेच उत्तर द्यायला हवं. दिंडोरी रोडवरून जाताना जी मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, दिसते, तिथे माती, काँक्रीट, पाणी यांच्या चाचण्या आणि संशोधन चालतं. धरणांची संकल्पचित्रं करणारी मध्यवर्ती संघटनाही नाशिकमध्येच आहे. पाण्याच्या कामाचा मोठा भाग प्रयोगशाळेत आणि संगणकावर होतो. आणि साईटवर जावं लागलंच, तर राहण्याची सोय, गाडी, सोबत कोण, हे नोकरी घेतानाच विचारायचं. मुलांनीही विचारावं.

परीक्षेला आम्ही मुदत घातली: आणखी दोन प्रयत्न, तेही नोकरी करत. हे मी ठामपणे सांगते, कारण नुसतं अभ्यासिकेत बसलेल्या मुलांचं इंजिनीअरिंग गंजताना मी पाहिलं आहे. तिला नाशिकच्या एका छोट्या सल्लागार फर्ममध्ये मुलाखत मिळाली. मार्कशीट बाजूला राहिली, बोलणं चारीच्या टिपणावरच झालं. 0.85 का घेतलं, वाऱ्याचा परिणाम कसा टाळला, असे प्रश्न आले. पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा बराच कमी आहे, हे तिला अजून बोचतं. सध्या ती नाल्यांचे छेद घेते, मॉडेल चालवायला शिकते. त्यानंतरचा एक प्रयत्न पुन्हा हुकला. दुसरा बाकी आहे, आणि यंदा तिने गेटचा फॉर्मही भरलाय.

शेवटच्या वर्षाला असाल तर एवढं करा. प्रोजेक्ट विकत घेऊ नका. आपल्याच तालुक्यातली एखादी चारी, बंधारा नाहीतर गावची नळयोजना घ्या आणि मोजा. दिंडोरी तालुक्यात वाघाडच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था चालवून दाखवल्या आहेत, तिथे जाऊन बसा, घनमापनाने, म्हणजे पाणी मोजून, कसं देतात ते विचारा. मग ती वही घेऊन माझ्याकडे या, आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू.