लिव्हरपूल: आधी दोन घरांचं बुकिंग, मग बाकीचं

पुण्याहून आलेले आई-बाबा, तुम्ही दोघं आणि गिटार शिकणारी १३ वर्षांची मुलगी. रविवारी सकाळी लंडनहून निघून रात्री परत. एवढ्यात लिव्हरपूल होईल का, आणि इथल्या बीटल्स या जगप्रसिद्ध बँडच्या जागा दाखवणारी बस टूर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. एका दिवसात होईल, पण रविवार सोडा. आणि जमत असेल तर एक रात्र मुक्काम करा.

रविवार का नको? इंग्लंडात रुळांच्या दुरुस्तीची कामं बहुतेक रविवारी काढतात. गाड्या उशिरा सुरू होतात, लांबच्या मार्गाने जातात, कधी अर्ध्या रस्त्यात बसमध्ये बसवतात. एरवी लंडनच्या युस्टन स्टेशनहून लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीटला सव्वादोन तास लागतात, रविवारी त्याचे साडेतीन झाले तर एका दिवसाच्या बेतात उरतं काय? मंगळवार ते गुरुवार उत्तम. हॉटेलंही तेव्हा स्वस्त असतात. एप्रिलमधली एन्ट्री (Aintree) मैदानावरची घोड्यांची शर्यत, ऑगस्टअखेरचा बीटल्स सप्ताह आणि फुटबॉलचे मोठे सामने या दिवसांत खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात, तेवढे टाळा.

तिकिटाचं गणित तुमच्या बाजूने आहे. 'फॅमिली अँड फ्रेंड्स' रेलकार्ड काढा. एका कार्डावर चार मोठे आणि ५ ते १५ वयाची चार मुलं जाऊ शकतात. मोठ्यांना भाड्यात एक तृतीयांश सूट, मुलांना ६० टक्के. अट एकच, सोबत किमान एक मूल हवं. कार्ड साधारण ३५ पौंडांना पडतं आणि तुमच्या पाच जणांच्या पहिल्याच प्रवासात वसूल होतं. त्यावर 'ॲडव्हान्स' तिकीट महिना-दीड महिना आधी घ्या. मात्र ते त्याच गाडीला चालतं. गाडी चुकली की पैसे गेले. ऐनवेळी खिडकीवर घेतलेलं तिकीट कित्येक पट महाग असतं. आणखी एक, ॲपवर नाव निवडताना नीट बघा: लिव्हरपूल स्ट्रीट हे स्टेशन लंडनमध्ये आहे, तुम्हाला हवंय ते लिव्हरपूल लाइम स्ट्रीट.

आता मुख्य मुद्दा. बरेच लोक मॅथ्यू स्ट्रीट (कॅव्हर्न क्लबची गल्ली) आणि अल्बर्ट डॉक (बंदरातला जुना धक्का) बघून येतात आणि म्हणतात, सगळी टी-शर्टची दुकानं. बरोबरच आहे. बीटल्समधले जॉन आणि पॉल जिथे वाढले ते भाग शहराच्या मध्यापासून साधारण पाच ते नऊ किलोमीटर आग्नेयेला आहेत: पेनी लेन, ॲलर्टन, वूल्टन. तिथली दोन घरं, जॉन लेननचं 'मेंडिप्स' आणि पॉल मॅकार्टनीचं २० फोर्थलिन रोड, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहेत. आत जाण्याची वाट एकच: ट्रस्टची मिनीबस. जागा जेमतेम पंधराएक, फेऱ्या मोजक्या, हिवाळ्यात बंद, आणि सुरू असतात तेव्हाही आठवड्याचे सगळे दिवस नाहीत. थेट दारात जाऊन उभं राहिलात तर आत घेत नाहीत. म्हणून आधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाच जागा एकत्र कुठल्या दिवशी मिळतात ते बघा, त्या काढा, आणि मगच रेल्वेचं तिकीट. उलट क्रमाने केलं की हमखास पस्तावायची पाळी येते.

मिनीबस सध्या साउथ पार्कवे स्टेशनाजवळून निघते; बुकिंगच्या मेलमध्ये जागा आणि वेळ असते, ती नीट वाचा. लाइम स्ट्रीटहून तिथे लोकलने दहा-पंधरा मिनिटं. अर्धा तास आधी पोहोचा, कारण मिनीबस थांबत नाही. दोन्ही घरांच्या आत फोटोला मनाई आहे. मोठ्या बॅगा नेऊ नका. वरच्या मजल्याचे जिने अरुंद आहेत. आईंना जमणार नसेल तर खालच्या खोल्यांतही पुष्कळ बघण्यासारखं आहे.

काय बघायचं ते मुलीला आधी सांगून ठेवा. मेंडिप्स हे मध्यमवर्गीय जोडबंगल्यातलं घर. आतल्या खोलीत नोकरांना बोलावायच्या घंटांचा फलक अजून भिंतीवर आहे, मात्र जॉनला वाढवणाऱ्या मिमीमावशीकडे नोकर नव्हते. पुढच्या दाराशी काचेचा छोटा पोर्च आहे. गिटारचा आवाज असह्य झाला की मावशी जॉनला तिथे पिटाळायची. आवाज तिथे छान घुमतो, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती. फोर्थलिन रोड म्हणजे आपल्याकडच्या म्हाडाच्या घरासारखं, नगरपालिकेने बांधून भाड्याने दिलेलं रांगेतलं घर. पुढच्या खोलीत गालिचा म्हणून निरनिराळ्या पट्ट्यांचे तुकडे जोडलेत, भिंतींचे कागदही एकसारखे नाहीत, कारण उरलेसुरले स्वस्तात मिळायचे. याच खोलीत दोघं समोरासमोर बसून गाणी लिहीत. मागच्या अंगणातला पाण्याचा पाइप बघायला विसरू नका. उशीर झाला की पॉल त्याच्यावरून चढून बाथरूमच्या खिडकीतून आत शिरायचा. दोन्ही घरं एकाच दिवशी पाठोपाठ बघितली की दोन मुलांच्या परिस्थितीतला फरक जितका कळतो, तितका कुठल्याही संग्रहालयात कळत नाही.

टूर संपली की लगेच शहरात परतू नका. बीटल्सच्या गाण्यामुळे गाजलेलं स्ट्रॉबेरी फील्ड मेंडिप्सपासून पायी दहाएक मिनिटांवर आहे. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं हे बालकाश्रम २००५ मध्ये बंद झालं आणि २०१९ पासून जागा लोकांसाठी खुली आहे. रस्त्यावरचं लाल फाटक प्रतिकृती आहे. मूळ फाटक आतल्या बागेत ठेवलंय. प्रदर्शनाला तिकीट आहे. कॅफेला नाही, आणि आई-बाबांना टेकायला ही जागा चांगली. तिथून सेंट पीटर्स चर्च पाव तासावर, थोडा चढ आहे. ६ जुलै १९५७ रोजी या चर्चच्या जत्रेत जॉन आणि पॉलची पहिली भेट झाली. चर्चच्या आवारात एलिनॉर रिग्बी (बीटल्सच्या एका गाण्यातलं नाव) या नावाच्या बाईची खरीखुरी कबर आहे. दफनभूमी वापरातली आहे, तेव्हा थडग्यांवर टेकून फोटो नकोत.

पेनी लेनबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवा. गल्ली लांब आणि बहुतांशी साधी, घरांची. बीटल्सच्या 'पेनी लेन' गाण्यातलं न्हाव्याचं दुकान आणि बसच्या निवाऱ्याचा गोल चौक हे सगळं स्मिथडाउन प्लेसच्या टोकाला आहे. लोक दुसऱ्या टोकाला उतरतात आणि 'इथे तर काहीच नाही' म्हणतात. शहरातून ८६ नंबरची बस स्मिथडाउन रोडने थेट त्या चौकाकडे जाते. तिथली बसव्यवस्था बदलते आहे, त्यामुळे नंबर निघायच्या आदल्या दिवशी तपासा. लोकलला मात्र लंडनसारखं बँकेचं कार्ड टेकवून आत जाता येईल हे गृहीत धरू नका. तिकीट आधी घ्या. विनातिकीट सापडलात तर दंड होतो, पाहुणे म्हणून सोडत नाहीत.

तुमच्या बस टूरच्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. अल्बर्ट डॉकहून निघणारी दोन तासांची रंगीत बस सोयीची आहे. पेनी लेन, स्ट्रॉबेरी फील्डचं फाटक आणि घरं ती दाखवते, पण घरं बाहेरूनच. प्रत्येक थांब्यावर पाच-दहा मिनिटं. ट्रस्टच्या जागा मिळाल्या तर बस घेऊ नका, तेच ते होईल. नाही मिळाल्या तर बस घ्या. किंवा तुम्ही पाच जण आहात तर मोठी टॅक्सी टूर माणशी फारशी महाग पडत नाही, आणि आईंचे गुडघे दुखले तर थांबवता येते. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचं जन्मघर, वेव्हरट्रीमधलं १२ आर्नल्ड ग्रोव्ह, टॅक्सीवाला दाखवतो. बंद गल्ली, दोन खोल्या खाली, दोन वर. बाबांना शास्त्रीय संगीताची आवड असेल तर त्यांना सांगा: याच घरात जन्मलेला माणूस जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायला आला होता आणि त्या वादकांत हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा होते. घरात लोक राहतात, दार वाजवू नका.

बीटल्समुळे गाजलेला कॅव्हर्न क्लब दुपारी करा. संध्याकाळनंतर १८ वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. दिवसाही कोणी ना कोणी गात-वाजवत असतं. प्रवेशाला काही पौंड पडतात. जिना बराच खोल उतरतो, तेव्हा आईंसाठी आधी फोन करून विचारा. आणि हे तेच तळघर नाही हे माहीत असू द्या. फेब्रुवारी १९६१ ते ऑगस्ट १९६३ बीटल्स जिथे वाजवत ते तळघर १९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या हवेच्या झरोक्यासाठी बंद करून बुजवलं, आणि तो झरोका कधी बांधलाच नाही! आताचं १९८४ चं, काही अंशी जुन्याच जागेवर, काही जुन्या विटा वापरून बांधलेलं. अस्सल तळघर हवं असेल तर वेस्ट डर्बीमधला कॅसबा क्लब बघा, आधी बुकिंग करून. छतावरची रंगरंगोटी त्या पोरांनी स्वतः केलेली आहे. १९५९ मध्ये तो सुरू करणाऱ्या मोना बेस्ट दिल्लीत जन्मलेल्या, आणि त्यांचा मुलगा पीट, रिंगोच्या आधीचा ड्रमर, मद्रासचा.

मुक्काम करणार असाल तर बंदराचा भाग पहिल्या दिवशी दुपारी, सामान हॉटेलात टाकून. नदीकाठच्या पियर हेड या धक्क्यावर तीन जुन्या भव्य इमारती, २०१५ चे बीटल्सचे पुतळे आणि लिव्हरपूल संग्रहालय, जे फुकट आहे. मर्सी नदीतली फेरी सुमारे ५० मिनिटांची. छत्री निरुपयोगी, वाऱ्याने उलटी होते. टोपीचं जॅकेट घ्या. नदीतून शहर बघताना या संगीताचं मूळ कळतं. न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजांवरचे खलाशी येताना अमेरिकन रेकॉर्ड आणायचे. जॉर्जची पहिली चांगली, ग्रेच कंपनीची गिटारही एका खलाशाने न्यूयॉर्कहून आणलेली होती, आणि जॉनचे वडील जहाजावरच नोकरीला होते. अल्बर्ट डॉकमधलं 'बीटल्स स्टोरी' हे तळघरातलं प्रदर्शन दीड-दोन तास खातं. घरं बघणार असाल आणि वेळ कमी असेल तर मी ते गाळेन. टेट कलादालन आणि मेरिटाइम (सागरी) संग्रहालय मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होती, ती उघडली आहेत का ते बघून जा.

राहायला मॅथ्यू स्ट्रीटच्या आजूबाजूला खोली घेऊ नका, पहाटेपर्यंत धिंगाणा चालतो. होप स्ट्रीटकडचा भाग शांत आहे; फक्त स्टेशनवरून चढ आहे, सामान असेल तर टॅक्सी करा. जेवणाची चिंता नको, बोल्ड स्ट्रीटवर भारतीय धरून सगळं मिळतं. इथला खास पदार्थ स्काउस, म्हणजे मांस-बटाट्याचा दाट रस्सा. शाकाहाऱ्यांनी 'ब्लाइंड स्काउस' मागायचं, त्यात मांस नसतं. तरी रस्सा कशात शिजवलाय ते विचारून घ्या, कुठे कुठे हाडांचा अर्क घालतात.