आधी पेशी बघ, मग आकडा

टिळकवाडी, बेळगाव

चि. पोरी,

खानापूरहून पाठवलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. 'प्रोजेस्टेरॉनमुळं आयजीएफबीपी-१ वाढतं,' असं लिहिलंयस. चूक नाही. पण वाढतं कुठल्या पेशीत?

आयजीएफबीपी-१ हे प्रथिन इन्सुलिनसारख्या वाढघटकाला धरून ठेवतं, त्याला पेशीच्या रिसेप्टरपर्यंत, म्हणजे इशारा घेणाऱ्या प्रथिनापर्यंत, पोचू देत नाही. बाईच्या गर्भाशयात पाळीआधीच्या दिवसांत अस्तरातल्या स्ट्रोमा पेशी, म्हणजे ग्रंथींच्या मधल्या आधाराच्या पेशी, फुगतात, गोलसर होतात आणि ते बनवू लागतात, गर्भ असो वा नसो. बबून माकडिणीत तसं नाही. तिथं चक्राच्या शेवटी ते तळाच्या ग्रंथींमध्ये दिसतं. स्ट्रोमात भरतं ते गर्भ राहिल्यावर. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दोन्हीकडं तेच, पण बबूनच्या स्ट्रोमाला जोडीला गर्भाकडून येणारा इशाराही लागतो. उंदराला तर पाळीच येत नाही. तुमच्या रानातल्या माकडिणीला येते. तेव्हा उंदराचे निष्कर्ष उचलून तिला चिकटवू नकोस.

तुझ्या वयाची असताना मी बबूनच्या अस्तराचा अख्खा तुकडा वाटून प्रथिन मोजायची. चक्राच्या एकाच दिवसाचे दोन नमुने, पण आकडे जुळायचे नाहीत. कितीतरी महिने रसायनांवर संशय घेतला. शेवटी काप काढून या प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीनं रंगवले. एकात तळाच्या ग्रंथींभोवती तपकिरी कडी, अगदी ठसठशीत. दुसऱ्यात रंगच नाही, कारण त्या तुकड्यात तळ आलाच नव्हता! त्या दिवशी मला खूप रडू आलं होतं.

म्हणून मेणात तुकडा उभा बसवून घे, म्हणजे वरपासून तळापर्यंत सगळं एका कापात येईल. काप काढणाऱ्या बाई कन्नड बोलतात ना? तुला येतं की, त्यांच्याजवळ बसून शिकून घे.

आणखी एक. इन्सुलिन वाढलं की हे प्रथिन घटतं, यकृतात आणि या स्ट्रोमा पेशींतही. डिशमध्ये पेशी वाढवायच्या माध्यमात बऱ्याचदा इन्सुलिन आधीच घातलेलं असतं. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय हार्मोन घालू नकोस.

रविवारी येताना स्लाइड घेऊन ये. चक्राचा दिवस पेन्सिलीनं लिही. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

तुझी,
मॅडम