वीज गेल्यापासून आमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या लिनक्स मशीनवरचं सांबा (विंडोज कॉम्प्युटरांशी फाइल्स शेअर करणारं सॉफ्टवेअर) सतत क्रॅश होतंय. पुन्हा इन्स्टॉल करू का?

नको, आधी सांबाच्या टीडीबी फाइल्स (सांबा आपल्या नोंदी ठेवतं त्या छोट्या डेटाबेस फाइल्स) तपासा. मुंबईतल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं मी सांभाळतो. मशीन अचानक बंद पडलं किंवा व्हार पार्टिशन (डिस्कचा लॉग आणि बदलता डेटा ठेवायचा भाग) भरलं की या फाइल्स अर्धवट लिहिल्या जातात. मग एसएमबीडी हा सांबाचा मुख्य प्रोग्राम त्या उघडताना कोसळतो आणि लॉगमध्ये 'इंटर्नल एरर', 'पॅनिक' अशा ओळी दिसतात. नुसतं पॅकेज काढून पुन्हा टाकलं तर या फाइल्स बहुधा तशाच राहतात, म्हणून फरक पडत नाही.

क्रम असा ठेवा:
- डिस्कवर जागा आहे ना, ते डीएफ या कमांडने बघा.
- सांबा पूर्ण थांबवा, सगळ्या टीडीबी फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवा.
- प्रत्येक फाइलवर टीडीबीबॅकअप ही कमांड 'व्ही' पर्यायासह चालवा. फाइल बिघडलेली असेल आणि जुना बॅकअप शेजारी असेल, तर ही कमांड तो बॅकअप परत बसवते.

लॉकिंग आणि बीआरलॉक या तात्पुरत्या नोंदींच्या टीडीबी फाइल्स उडवल्या तरी चालतात, सांबा त्या नव्याने बनवतं. सीक्रेट्स आणि पासडीबी मात्र कृपया उडवू नका: पहिलीत मशीनचा डोमेन पासवर्ड असतो, दुसरीत युजर. फाइल्स ठीक निघाल्या आणि क्रॅश चालूच राहिला, तर कॉन्फिगमधली व्हीएफएस मॉड्यूल्स (सांबाच्या फाइल हाताळणीला जोडलेले जादा भाग) एकेक करून बंद करून बघा.